आठ ग्रॅम पाणी

डिसेंबरच्या अखेरीस जालन्याच्या शिवारात पहाटे पारा १२ अंशांपर्यंत उतरतो. तुरीच्या शेंगांवर दव असतं, अंगाला हवा ओलसर लागते आणि आर्द्रतामापक ८० टक्के दाखवतो. अशा एका घनमीटर हवेत पाण्याची वाफ असते साधारण साडेआठ ग्रॅम. आता मे महिन्यातली दुपार घ्या. पारा ४१ वर, ओठ फुटलेले, धुतलेलं धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळलेलं आणि मापक १५ टक्क्यांवर. या हवेतली वाफ मोजली तर ती भरते आठ ग्रॅम. म्हणजे दोन्ही हवांमध्ये पाणी जवळपास तेवढंच आहे, पण एक ओली वाटते आणि दुसरी घशाला कोरड पाडते.

थंड हवेची ओंजळ लहान असते, गरम हवेची मोठी. १२ अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर पावणेअकरा ग्रॅम वाफ मावते, ४१ अंशांच्या हवेत ५३ ग्रॅमच्या पुढे. आपण ज्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतो तो आकडा हवेत पाणी किती आहे हे सांगतच नाही. ओंजळ किती भरली आहे, एवढंच तो सांगतो. आणि सजीवांच्या दृष्टीने महत्त्वाचं तेच असतं. ओंजळ रिकामी असली की हवा समोर सापडेल तिथून पाणी ओढते. पानातून, कातडीतून, श्वासातून, अंड्याच्या कवचातून.

प्राण्याला उबदार बंदिस्त जागेत ठेवणाऱ्या प्रत्येकाची गाठ याच आकड्याशी पडते. युरोपातल्या घरात काचेच्या पेटीत अजगर पाळणारा असो, प्राणिसंग्रहालयाच्या सर्पालयात काम करणारा असो किंवा बदनापूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या वाढवणारा शेतकरी असो. तिघांनाही ऊब हवी असते, आणि ऊब दिली की ओल पळते. या प्रकरणात मी शेतकऱ्याची बाजू जास्त सांगणार आहे. एक तर त्याच्या शेडमध्ये हा प्रश्न वर्षातून तीन वेगळी तोंडं दाखवतो. दुसरं म्हणजे त्याची चूक महिनाभरात बाजारात रुपये-पैशांत मोजली जाते.

जालना म्हटलं की लोकांना पोलादाच्या रोलिंग मिल, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा आठवतात. ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण तर जिल्हा व्हायच्या, म्हणजे १९८१ च्या, कितीतरी आधीची. रेशीम इथे उशिरा आलं आणि आलं ते दुष्काळाच्या हिशेबाने. वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही लहरी. अशा ठिकाणी एकदा लावली की वर्षानुवर्षं पाला देणारी, ठिबकवर तगणारी तुती परवडते. तुतीखालचं क्षेत्र वाढत गेलं, रोजगार हमीच्या पैशातून पन्नास बाय बावीस फुटांची कीटक संगोपनगृहं उभी राहिली आणि २०१८ साली जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथले शेतकरी कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकातल्या रामनगरला जायचे.

पण रेशमाचा किडा काही मराठवाड्याच्या हवेसाठी घडलेला नाही. हजारो वर्षं माणसाने घरात वाढवल्यामुळे तो इतका पराधीन झाला आहे की त्याला स्वतः पाला शोधता येत नाही, पतंग झाल्यावर धड उडता येत नाही. जास्त सुताचे पांढरे कोष देणारे दुबार संकर तर आणखी नाजूक. अंड्यातून निघालेली अळी पंचवीसेक दिवसांत वजनाने सुमारे दहा हजार पट होते, चार वेळा कात टाकते आणि या सगळ्या काळात पाण्याचा एक थेंबही पीत नाही. जे काही पाणी मिळायचं ते तुतीच्या पानातून. ताज्या, कोवळ्या पानात वजनाच्या तीनचतुर्थांशाइतकं पाणी असतं. शेडमधली आर्द्रता राखायची ती म्हणूनच. अळीच्या कातडीइतकीच ती पानासाठी लागते. हवा कोरडी असली की टाकलेला पाला तासा-दोन तासांत कोमेजतो, कडा वळतात, आणि बारकी अळी त्याला तोंड लावत नाही. पाला समोर असतो आणि अळी उपाशी असते.

पहिल्या अवस्थेतल्या अळीला २७-२८ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. पुढे प्रत्येक कातीनंतर दोन्ही आकडे थोडे थोडे उतरवायचे असतात. पाचव्या अवस्थेत २४-२५ अंश आणि ६५ ते ७० टक्के पुरे. याचं कारण सरळ आहे. अळी जितकी लहान, तितकं तिच्या वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून ती लवकर सुकते. शिवाय तिच्यासाठी पाला बारीक चिरून टाकावा लागतो आणि चिरलेलं पान सगळ्या कडांनी पाणी सोडतं. म्हणूनच बहुतेक शेतकरी पहिले दहा दिवस अळ्या स्वतः वाढवतच नाहीत. चॉकी केंद्रातून दुसरी कात झालेल्या अळ्या आणतात. चॉकीच्या लहान खोलीत आकडे सांभाळणं सोपं जातं. तिथली एक जुनी युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. ट्रेमध्ये खाली मेणकागद, वर मेणकागद आणि कडेने ओल्या फोमच्या पट्ट्या. खोलीची हवा ८५ टक्क्यांवर नेण्याच्या भानगडीत न पडता, अळी आणि पान जिथे आहेत त्या चार बोटं उंचीच्या जागेतच ओल धरायची. पाला टाकण्याआधी अर्धा तास कागद काढून ठेवायचा, म्हणजे कोंडलेली हवा बदलते.

आता डिसेंबरच्या शेडकडे येऊ. बाहेरची १२ अंशांची हवा आत आली आणि हीटरने ती २७ अंशांना नेली. वाफ वाढली नाही, ओंजळ मात्र अडीच पट झाली. मापकावर आकडा उतरतो जेमतेम तीस-बत्तीस टक्क्यांवर. बाहेर दव पडलेलं आणि आत मे महिन्याचा कोरडेपणा! पुष्कळ शेतकरी तापमानाचा काटा बघून निर्धास्त होतात, कारण थंडी जाणवते, कोरडेपणा जाणवत नाही. पाला का राहतो, अळ्या लहानमोठ्या का निघतात, कात का लांबते, याचा शोध मग पाल्यात, अंडीपुंजांत, औषधांत घेतला जातो.

किती पाणी लागेल? पन्नास बाय बावीस फुटांचं शेड, सरासरी उंची बारा फूट धरली तर आत सुमारे ३७५ घनमीटर हवा आहे. मोठ्या अळ्यांसाठी २५ अंशांना ७० टक्के हवे असतील तर घनमीटरमागे सोळा ग्रॅम वाफ लागेल. आठ आहे, आठ घालायची. एकूण हिशेब तीन लिटर. तीन लिटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण शेड म्हणजे बंद डबा नाही. झरोके आहेत, जाळीची दारं आहेत, आणि असायलाच हवीत. तासाला एकदा जरी सगळी हवा बदलली तरी हे तीन लिटर दर तासाला घालावे लागतात, दिवसाला बहात्तर. आणि पाणी नुसतं सांडून चालत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोनतृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती शेडच्याच हवेतून घेतली जाते, म्हणून ओले गोणपाट टांगले की हीटरला जास्त काम पडतं. हिवाळ्यात ओल वाढवणं म्हणजे इंधन जाळणं आहे, हे बजेट मांडतानाच धरलेलं बरं.

यातला मोठा वाटा मात्र अळ्यांचा पालाच भरून काढतो. शंभर अंडीपुंजांच्या, म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्यांच्या बॅचला सगळी मिळून साधारण एक टन पाने लागतात आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त शेवटच्या आठवडाभरात. दिवसाला शंभर किलोच्या आसपास पाला शेडमध्ये येतो, त्यात सत्तर लिटरहून जास्त पाणी असतं, आणि त्यातलं बरंचसं पानातून, विष्ठेतून, अळ्यांच्या श्वासातून हवेत जातं. पाचव्या अवस्थेतली अळी स्वतःची हवा स्वतःच ओली करते. खरी अडचण असते तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत, म्हणजे चॉकीच्या अळ्या नुकत्याच शेतकऱ्याच्या शेडमध्ये आल्यावर. पाला थोडा, शेड रिकामं, हीटर चालू. त्या आठवड्यात अख्खं शेड तापवण्यापेक्षा प्लॅस्टिकचा पडदा सोडून एक कोपरा तापवावा, तिथेच ओल द्यावी. कमी जागेला कमी ऊब, कमी पाणी आणि कमी चिंता.

ऊब देण्यासाठी कोळशाची शेगडी ठेवणारे अजून आहेत. तिच्या धुरात आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये अळ्याही गुदमरतात आणि रात्री शेडमध्ये झोपणारा माणूसही. ओल टिकावी म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या असतील तर धोका दुप्पट होतो. विष्ठेतून निघणारा अमोनिया, अळ्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि आंबलेला पाला या तिन्हींना बाहेर जायला वाट हवी. हवा कोंडून मिळवलेली आर्द्रता अळ्यांच्या फ्लॅचरी रोगाला आमंत्रण देते. कोरडेपणा टाळायला जाऊन माणूस आगीतून फुफाट्यात पडतो तो इथे.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीत नेमकी हीच चूक होते, फक्त आकार लहान असतो. परदेशी बॉल पायथनसारखा अजगर काचेच्या पेटीत ठेवतात, वर उष्णतेचा दिवा लावतात, झाकण जाळीचं असतं. दिव्याने तापलेली हवा हलकी होऊन जाळीतून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतली थंड हवा येऊन पुन्हा तापते. पेटीची हवा दिवसभर बदलत राहते, कोरडी होत राहते. बॉल पायथनला ५० ते ६० टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना त्याहून जास्त. ती नसेल तर कात अखंड मोजा उतरवावी तशी निघायच्या ऐवजी तुकड्या-तुकड्यांनी निघते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर सुटायला हवा. कोरड्या पेटीत तो चिकटून राहतो. लेपर्ड गेकोसारख्या पालींच्या बोटांवर राहिलेली कात वाळून आवळते, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं.

यावर जाणकारांचा उपाय सगळी पेटी ओली करण्याचा नाही. तसं केलं तर पोटाखालच्या खवल्यांना बुरशी धरते, फुप्फुसांना संसर्ग होतो. पेटीच्या एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला थंडावा आणि मध्ये कुठेतरी ओलं शेवाळ भरलेला, एकच भोक असलेला डबा ठेवतात. सापाला हवं तेव्हा तो तिथे जातो. मोकळ्या रानातला साप हेच करतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण वाळवीने बांधलेल्या वारुळाच्या आत हवा दमट आणि तापमान स्थिर असतं. ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण नागोबाने निवडलेली जागा हवामानाच्या दृष्टीने परिसरातली सर्वोत्तम असते.

इथे कायद्याचं एक वाक्य लिहून टाकतो, नाहीतर हे प्रकरण वाचून कुणाला उत्साह यायचा. नाग, धामण, अजगर, घोरपड, स्टार कासव हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना घरी पाळणं हा गुन्हा आहे. सर्पमित्राने पकडलेला सापही वन विभागाला कळवून सोडून द्यायचा असतो. परदेशी जातींपैकी ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, त्यांचीही नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. साप जवळून बघायचे असतील तर पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे. नीलिमकुमार खैरे यांच्या धडपडीतून ते १९८६ साली उभं राहिलं.

कातीच्या बाबतीत साप आणि रेशमाची अळी यांची गरज मात्र उलटी आहे. साप कात टाकताना ओल शोधतो. अळ्या कातीला बसल्या की शेतकरी बेड कोरडा करतो. मेणकागद काढतो, पाला थांबवतो, अळ्यांवर चुन्याची भुकटी धुरळतो, हवा खेळती ठेवतो. अळी कातीला बसते तेव्हा डोकं वर करून निश्चल राहते, चोवीस तास किंवा त्याहून जास्त, आणि त्या वेळी काही खात नाही. पण हजारो अळ्या एकाच घटकेला उठत नाहीत. बेडवर ओला पाला पडलेला असेल तर आधी उठलेल्या अळ्या खायला लागतात, मागच्या मागेच राहतात, आणि पुढच्या सगळ्या दिवसांत बॅचमध्ये लहान-मोठं होत जातं. पाला वाळवला तर पुढच्यांना मागच्यांची वाट बघावी लागते. यात आणखी एक बारकावा आहे. कोरडा करायचा तो बेड. हवा अगदीच कोरडी झाली आणि वर पंख्याचा झोत असला तर जुनी कातडी अंगावरच वाळते, अळी तिच्यात अडकून मरते. बेड कोरडा, हवा मध्यम, झोत नाही. तीन गोष्टी एकत्र सांभाळायच्या म्हणून अनुभवी माणसं कातीच्या दिवशी शेड सोडून कुठे जात नाहीत.

उन्हाळा हिवाळ्यापेक्षा अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. मे महिन्यातली हवा कोरडी असते हेच शेतकऱ्याच्या पथ्यावर पडतं. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, हे हिवाळ्यात अंगावर येतं. उन्हाळ्यात तेच कामाला येतं. ४१ अंश आणि १५ टक्क्यांची हवा कूलरच्या ओल्या गवतातून किंवा मधाच्या पोळ्यासारख्या पॅडमधून ओढली तर ती २८ अंशांपर्यंत सहज उतरते आणि घनमीटरमागे पाच-सहा ग्रॅम पाणी घेऊन येते. म्हणजे एकाच वेळी तापमान तेरा अंशांनी कमी आणि आर्द्रता पन्नाशीच्या वर. एका खर्चात दोन्ही कामं. त्यासाठी समोरच्या भिंतीला हवा बाहेर जायला जागा मात्र हवी, नाहीतर कूलर तीच हवा फिरवत बसतो. त्याआधी पत्र्याचा बंदोबस्त करायचा. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा पाचट, त्यावर शेडनेट, भिंतींना बाहेरून चुना, खिडक्यांना ओले गोणपाट. पत्रा तापला की तो खालच्या अळ्यांवर उष्णता फेकतो, आणि ही उष्णता कूलरला दिसत नाही. एवढं करूनही पाणीच नसेल तर इलाज नाही. विहीर आटली की तुती आणि कूलर दोघेही तहानलेले असतात, म्हणून मे महिन्यात अनेक जण बॅच घेतच नाहीत, तुतीची छाटणी करून पावसाची वाट बघतात. हा निर्णय मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे.

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी. २९ अंश आणि ८५ टक्क्यांच्या हवेत ओंजळ आधीच भरत आलेली असते. पाणी मारून तापमान दोन अंशांनीही उतरत नाही, आर्द्रता मात्र ९५ च्या पुढे जाते. या दिवसांत ओला पाला आत आणायचा नाही, आणावाच लागला तर पसरून निथळू द्यायचा. बेड पातळ ठेवायचा, चुना जास्त वापरायचा, आणि पंखे लावायचे ते हवा बाहेर फेकण्यासाठी. कारण या हवेची वाट बघत मस्कार्डिनची बुरशी बसलेली असते. तिने मेलेली अळी चुन्यात घोळल्यासारखी पांढरी आणि खडूसारखी कडक होते. याच रोगामुळे १८३५ साली इटलीतल्या ॲगोस्टिनो बास्सी यांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली : प्राण्याचा रोग बाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवामुळे होऊ शकतो. लुई पाश्चर रेशमाच्या अळ्यांकडे वळले ते त्यानंतर तीस वर्षांनी. बास्सींचं नाव त्या बुरशीला मिळालं, बिव्हेरिया बॅसियाना. नाव ओळखीचं वाटलं ना? कृषी सेवा केंद्रात ‘बिव्हेरिया’ म्हणून जे जैविक कीडनाशक मिळतं आणि कापसावर फवारलं जातं, ती हीच बुरशी. कापसाच्या जिल्ह्यात तुतीच्या बांधाला लागून शेजाऱ्याने बिव्हेरिया फवारलं, वारं तुतीकडे होतं आणि हवेत ओल भरपूर होती, तर पुढचं सांगायला नको. रासायनिक फवारणीची चौकशी शेतकरी शेजाऱ्याकडे करतात. जैविक म्हटलं की निश्चिंत होतात, आणि इथेच फसतात.

हे सगळं सांभाळायचं तर मापकावर विश्वास हवा. स्विस शास्त्रज्ञ होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये केसाचा आर्द्रतामापक मांडला. माणसाचा केस कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की लांबीने सुमारे अडीच टक्के वाढतो, त्यावर काटा फिरवायचा. आता स्वस्तातले डिजिटल मापक सर्रास मिळतात, पण त्यातला एखादा दहा-पंधरा टक्क्यांनी चुकीचा निघणं नवलाचं नाही. तपासायची घरगुती पद्धत आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओलसर लगदा होईल एवढेच थेंब पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं. ओल्या मिठाभोवतीची कोंडलेली हवा नेहमीच्या तापमानाला तेवढ्यावरच थांबते. ७० दाखवलं तर पुढे पाच मिळवून वाचा, म्हणजे झालं.

त्याहून भरवशाचे दोन साधे थर्मामीटर. एकाच्या बल्बवर मलमलीची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. कोरडा २७ आणि ओला २५ दाखवत असेल तर आर्द्रता ८५ च्या आसपास. फरक चार अंशांचा झाला तर ७०. डिसेंबरात हीटर लावल्यावर हा फरक दहा अंशांवर जातो आणि तो बघून कुणालाही खडबडून जाग येईल. चिंधी आठवड्याला बदलायची, क्षार धरले की ती ओली राहत नाही आणि मापक खोटं बोलतो. आणि मापक टांगायचा तो दाराजवळच्या खिळ्याला नव्हे, रॅकमध्ये, अळ्यांच्या उंचीवर. एकाच शेडमध्ये सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या रॅकमध्ये दोन-तीन अंशांचा फरक असतो, त्यामुळे तिथल्या आर्द्रतेचे आकडेही वेगळे पडतात. पेटीतल्या सापासाठी मापक जाळीच्या झाकणाला चिकटवणारेही हीच चूक करतात.

शेवटचे तीन दिवस नियम पुन्हा उलटतो. अळ्या पिवळसर, पारदर्शक दिसू लागल्या, खाणं सोडून डोकं वर करून फिरू लागल्या की त्यांना कोष विणायला चंद्रिकेवर किंवा प्लॅस्टिकच्या नेत्रिकेवर घेतात. कोष विणण्याआधी अळी पोट रिकामं करते आणि बरंच द्रव बाहेर टाकते. दुबार जातीची पक्व अळी चार ग्रॅमच्या पुढे असते, कोषासकट दोनच्या आत येते. हा फरक बहुतांशी पाण्याचा. चाळीस हजार अळ्यांचा हिशेब केला तर दोन-तीन दिवसांत ऐंशी लिटरच्या आसपास पाणी शेडच्या हवेत आणि जमिनीवर येतं. आता हवे असतात २४-२५ अंश आणि फक्त ६० ते ६५ टक्के. अळी तोंडातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा सोडते, त्याच्यावर सेरिसिनचा डिंकासारखा लेप असतो. तो थरावर थर पडण्याआधी वाळला तर धागा पुढे कारखान्यात गरम पाण्यात सुरळीत उलगडतो. हवा दमट राहिली तर थर एकमेकांत घट्ट चिकटतात आणि धागा उलगडताना जागोजाग तुटतो. महिनाभर मन लावून वाढवलेल्या अळ्यांचे कोष या तीन दिवसांत हलके ठरतात, आणि तेही बहुतेक वेळा नको त्या काळजीपोटी. पावसात अळ्यांना गारठा लागू नये म्हणून शेड बंद केलं जातं.

म्हणून विणकामाच्या रात्री नेत्रिकेखाली वर्तमानपत्रं किंवा कोरडा चुना पसरतात, ओले झालेले कागद सकाळी उचलतात, वरचे झरोके उघडे ठेवतात. पंखा लावायचा तर त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, कारण सरळ झोत आला की अळ्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि दोघी मिळून एकच जोडकोष विणतात, ज्याला भाव मिळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत कोषांना हात लावायचा नाही. आतला कोश, म्हणजे पतंग होऊ घातलेला किडा, कोवळा असतो, फुटला तर कवचावर आतून डाग पडतो. काढल्यावर कोष पोत्यात ठासून भरू नयेत, जिवंत कोशाच्या श्वासाने पोतं आतून ओलं होतं. जालन्याच्या बाजारात सकाळी लिलावाला येणारा खरेदीदार मूठभर कोष उचलतो, कानाशी हलवून आतला कोश वाजतो का बघतो, बोटांनी कवच दाबतो, डाग शोधतो. विणकामाच्या दिवसांत शेडमध्ये हवा कशी होती, हे त्याला तेवढ्यावर कळतं.